आरसा झालेला सिंबल

मेजवान्या व्हायच्या त्या मोठ्या हॉलच्या बँडचा एक नियम होता. ड्रमसेट हॉलचा, पण सिंबल, म्हणजे ड्रमशेजारी स्टँडवर लावायची ती धातूची थाळी, ज्याची त्यानं आणायची. ड्रम कुणाचेही चालतात, सिंबल मात्र वाजवणाऱ्याच्या हाताला लागलेला असतो, असं बँडचे मास्तर सांगत. खरं कारण बहुधा इतकंच असावं की सिंबल महाग असतात आणि हॉलच्या मालकाला तेवढा खर्च टाळायचा होता.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि शाळेच्या बँडमध्ये वाजवत होते. हॉलचा ड्रमर जहाजावरच्या नोकरीवर निघाल्याचं कानावर आलं, तेव्हा एका रविवारी मी माझा सिंबल कापडी पिशवीत घालून तिथे गेले. मला दोन गाणी वाजवायला दिली. वाजवून झाल्यावर मास्तरांनी ट्रंपेट मांडीवर आडवा ठेवला.

"हात चांगला आहे," ते म्हणाले. "पण हे काय आणलंयस? कुठल्या पातेल्यावरचं झाकण?"

"पातेलं घरी वाट बघत असेल," बास गिटारवाला म्हणाला. तो इतका उंच होता की त्याला सगळे लंबूच म्हणायचे.

सगळे हसले. मीही हसले, कारण ते खरंच होतं. माझा सिंबल म्हणजे पितळी पत्र्यातून कापलेली एक चकती होती. मारला की ट्यँ करायचा आणि तिथेच संपायचा.

"महिनाअखेरीला हा निघतोय," मास्तर जहाजवाल्याकडे बोट दाखवत म्हणाले. "त्याच्या आधीच्या रविवारी चांगला सिंबल घेऊन ये. दुसरा एक मुलगा आहे. त्याचा हात तुझ्याइतका नाही, पण त्याच्या काकांकडे दोन सिंबल आहेत. लोक हात बघत नाहीत गं, आवाज ऐकतात."

चांगला सिंबल कुठे आहे ते मला माहीत होतं. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका काकांच्या दुकानात, मागच्या भिंतीवर खिळ्याला तो टांगलेला होता. काळपट, कडेला हिरवट, मधोमध जुन्या बोटांचे ठसे. कुणी गिऱ्हाईक त्याच्याकडे ढुंकून पाहत नसे. मी मात्र जवळजवळ वर्षभर त्याचे पैसे थोडे थोडे करून भरत होते. शाळा सुटली की मी एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काचसामान धुवायला जायचे. परीक्षानळ्या ब्रशनं घासायच्या, धुवायच्या आणि उजेडासमोर धरायच्या. काच खरोखर स्वच्छ असेल तर तिच्यावर पाण्याचा थेंब धरत नाही, पाणी सलग पसरून खाली उतरतं. थेंब दिसला की ती नळी पुन्हा बादलीत. हे काम मला मनापासून आवडायचं. मिळालेल्या पैशांतले निम्मे आईच्या हातात जायचे आणि उरलेले काकांच्या गल्ल्यात.

तरीही बरीच रक्कम बाकी होती. मी सायकल विकली. पितळी सिंबलही काकांनाच वजनावर देऊन टाकला.

"आता परतीचा रस्ता नाही बरं," काका म्हणाले आणि त्यांनी तो काळा सिंबल खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिला. मी बोटाच्या पेरानं त्याच्या कडेला हलकेच टकटक केलं. दुकानातली एक गिटार आपोआप गुणगुणायला लागली.

घरी आल्यावर मी तो दाराच्या चौकटीतल्या खुंटीला दोरीनं टांगला आणि काठीनं एक ठोका दिला. त्या आवाजाचं वर्णन करायचा प्रयत्न मी पुढे कितीतरी वेळा केला आहे. आधी एक मऊ स्फोट, मग त्यातून पसरत जाणारी वाळूसारखी सळसळ, आणि शेवटी खाली कुठेतरी एक खोल घुमारा, जो थांबला की चालूच आहे हे सांगता यायचं नाही.

आई कारखान्यातून आलेल्या शर्टांना घरी बसून बटणं लावायची. ती मान वर करून ऐकत राहिली.

"अगं बाई, संपतच नाही की हा! माझं अख्खं बटण लावून झालं."

"मग सुई ठेव खाली आणि ऐक."

"सुई ठेवली तर रात्री ताटात काय तुझा सिंबल वाढू? वाजव आणखी एकदा."

बाबा संध्याकाळी आले. ते नळ चकाकवायचे. ओतशाळेतून आलेले खडबडीत, मातकट नळ आणि दारांच्या मुठी त्यांच्या हाताखालून आरसा होऊन निघायच्या, मग पुढच्या खोलीत त्यांच्यावर मुलामा चढायचा. कापडाच्या चकत्या एकावर एक शिवून केलेलं चाक मोटरीवर गरगरतं, त्याला पॉलिशची वडी लावायची आणि मग नळ टेकवायचा. एका खोलीत अशी डझनभर चाकं दिवसभर फिरत असत. बाबा घरी येत तेव्हा त्यांचा चेहरा काळा असे. फक्त चष्म्याच्या जागी दोन स्वच्छ गोल. कानांत तिथे कुणीच काही घालत नसे. बाबांना कमी ऐकू येतं असं आमच्या घरात कधी कुणी म्हटलं नाही. आम्ही नुसते मोठ्यानं बोलायला लागलो. मी जन्मजात हळू बोलणारी, त्यामुळे घरात माझंच बोलणं त्यांच्यापर्यंत सगळ्यांत कमी पोचायचं.

त्यांनी सिंबल खुंटीवरून काढला, उलटसुलट केला, अंगठा जिभेला लावून त्यावर घासला.

"काळी ठिक्कर पडलीये गं थाळी. जुना माल गळ्यात मारला तुझ्या."

"अशीच असते बाबा ती!" मी शक्य तितक्या मोठ्यानं म्हणाले.

"अशीच कशी असेल? मुळात अशी नसणार. कुणी हात फिरवला नसेल तिच्यावर."

"आवाज ऐका ना!" मी ठोका दिला. बाबांनी मान डोलावली. "छान आहे," ते म्हणाले, आणि पुन्हा अंगठ्यानं तोच डाग घासू लागले.

शुक्रवारी मी लॅबमधून आले तर खुंटीवर सिंबल नव्हता. आईला विचारलं, तर तिला वाटलं होतं मीच नेला. मी दारातच बसून राहिले. बऱ्याच वेळानं बाबा आले. एरवीपेक्षा उशीर झाला होता, चेहरा एरवीपेक्षा काळा होता आणि काखेत नव्या पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि एखाद्या बाळाचं तोंड बघायला दुपटं उघडावं तसं कापड बाजूला केलं.

मला माझं तोंड दिसलं. स्पष्ट. डाव्या भुवईवरचा बारीक व्रणसुद्धा.

"मालकांना विचारून घेतलं होतं," बाबा म्हणाले. "सुट्टी झाल्यावर एक चाक चालू ठेवू दिलं त्यांनी. आधी जाड चाकावर धरली, मग बारीक, मग अगदी मऊ. सगळीकडे चऱ्या होत्या गं तिला, गोल गोल, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या. एकूण एक काढल्या. बघ, हात फिरवून बघ."

मी हात फिरवला. कुठेही काही लागलं नाही. त्या चऱ्या सिंबल घडवणाऱ्यानं मुद्दाम कोरलेल्या असतात आणि आवाजातली ती सळसळ बरीचशी त्यांच्यातून येते, हे काकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पुढे मी धातूंचाच अभ्यास केला, आणि मग त्या संध्याकाळी चाकाखाली नेमकं काय काय झालं असेल ते मला टप्प्याटप्प्यानं सांगता यायला लागलं. त्या क्षणी मात्र मला एवढंच कळत होतं की हाताला काही लागत नाही.

"वाजव की," बाबा म्हणाले.

मी तो टांगला आणि ठोका दिला. आवाज उंच, कडक आणि आखूड आला. खालचा घुमारा होताच कुठेतरी, पण त्याच्यावरची वाळू सगळी वाहून गेली होती. आईचा हात बटणावर थांबला. बाबा सिंबलकडे बघत नव्हते, माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"कसा?"

"खूप चकाकतोय बाबा," मी म्हणाले.

"मग! नळ काय, रोजचेच. हे काम वेगळं होतं. हात भरून आलेत." आणि ते तोंड धुवायला गेले.

आई माझ्याजवळ आली. "सांगू का मी त्यांना?"

"नको."

"रविवारी काय करशील मग?"

"त्यांना फरक ऐकूच आला नाही, आई."

"मला माहितीये," आई म्हणाली. "माझ्या बांगड्याही ऐकू येत नाहीत त्यांना हल्ली. मागून आले की दचकतात."

मोठ्या आवाजानं कान जातात तेव्हा आधी वरचे सूर जातात. चिमण्या, किल्ल्या, बांगड्या, मुलींचे आवाज. ड्रमची धमक बाबांना कळायची, ती त्यांच्या छातीत पोचायची. पण सिंबल त्यांच्यासाठी पहिल्या दिवसापासून मुका होता. दिसत तेवढा होता. आणि जे दिसत होतं ते त्यांनी त्यांच्या परीनं जितकं सुंदर करता येईल तितकं केलं होतं.

शनिवारी बाबा कामावर गेले आणि मी सिंबलसमोर बसले. मधल्या घुमटापासून कडेपर्यंत प्रत्येक बोटभर अंतरावर काठीच्या टोकानं, मग बाजूनं, हलकं, जोरात, असं ठोकून पाहिलं. कडेला तो किंचाळत होता. मधल्या पट्ट्यात नुसता खणखणत होता. घुमटाच्या अगदी जवळ, अलगद टोकानं मारलं तर मात्र एक नितळ आवाज निघत होता, लॅबमध्ये दोन परीक्षानळ्या एकमेकींना लागाव्यात तसा. मी दिवसभर तेवढ्या एका जागेवर वाजवत बसले.

"काय गं ते टिंग टिंग," शेवटी आई म्हणाली. "कुणीतरी दारावर आलंय असं वाटतं मला सारखं."

रविवारी बाबा माझ्याआधी तयार होऊन बसले होते. अंगात बाहेर जायचा शर्ट, केस ओले करून बसवलेले.

"तुम्ही कशाला बाबा? मी नेते की."

"पडली, खरवडली, तर? एक ओरखडा आला तरी तीन चाकं पुन्हा करावी लागतात."

हॉलमध्ये खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या आणि कोपऱ्यात मळक्या टेबलक्लॉथचा ढीग होता. तो दुसरा मुलगा नुकताच वाजवून गेला होता. बाबांनी स्टेजच्या कडेला सिंबल ठेवून कापड उघडलं. जहाजवाला वाकून बघायला आला आणि सरळ झाला.

"अरे, हे कुणी केलं?" तो म्हणाला. "सालटंच काढलं की ह्याचं! कुठल्या शहाण्यानं..."

लंबू मोठ्यानं हसला. बाबांना शब्द कळले नसावेत. त्यांना हसणारे चेहरे दिसले, म्हणून तेही हसले.

"मी!" ते छातीवर हात ठेवून म्हणाले. "मी केलं. पहिल्यांदाच हात लावला असल्या कामाला, पण जमलं."

जहाजवाला स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. मास्तरांनी बाबांच्या काळ्या नखांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग चढ्या आवाजात म्हणाले, "काम एक नंबर आहे हं. असा सिंबल आमच्या स्टेजवर कधी आला नव्हता."

"येणार कुठून!" बाबा म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

मी वाजवलं. पहिलं गाणं संथ होतं. घुमटाजवळच्या त्या एका जागेवर मी ते सांभाळून नेलं आणि मास्तरांच्या भुवया थोड्या वर गेल्या. दुसरं नाचाचं होतं. त्यात जिथे सगळा बँड एकदम पूर्ण आवाजात उसळतो तिथे सिंबलच्या कडेलाच मारावं लागतं. मी मारलं. तो आवाज आला आणि आला तसा मेला. लंबूनं डोळे मिटून घेतले.

गाणं संपल्यावर मास्तरांनी मला पडद्यामागे बोलावलं.

"जागा तुझी. शनिवारी मेजवानी आहे, तेव्हापासून ये," ते हळू आवाजात म्हणाले. "त्या पहिल्या गाण्यात तू जे केलंस ते त्या मुलाच्या काकांच्या दोन सिंबलांनाही जमलं नाही. पण हा वाजवायचा नाही. आत माझा एक जुना पडलाय. कडेला तडा आहे, पण तडा पुढे सरकू नये म्हणून टोकाला भोक पाडून घेतलंय. तो लाव. दर वेळी तुझ्या पैशांतून थोडे कापत जाईन. वर्षअखेरीला तुझाच."

"आणि हा?"

"हा घरी लाव भिंतीवर."

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. बाबा सिंबलवर उठलेले माझ्या बोटांचे ठसे रुमालानं पुसत होते.

"शनिवारी ते बघायला येणारच," मी म्हणाले. "स्टँड दोन आहेत ना? एकावर तुमचा लावते. दुसऱ्यावर हा असू दे. नुसता."

मास्तरांनीही फटीतून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"असू दे," ते म्हणाले. "पण वाजला तर बघ हं."

परत येताना बाबा कापडात गुंडाळलेला सिंबल छातीशी धरून चालत होते. रस्त्यावर रविवारची गर्दी होती. दुकानांसमोर लोक घोळक्यानं उभे होते.

"सुरुवातीला ते हसत का होते गं?" बाबांनी विचारलं.

खरं सांगायचं तर मला ते भर रस्त्यात ओरडून सांगावं लागलं असतं. हळू आवाजात सांगायची सोय आमच्यात उरली नव्हती. आणि ओरडून सांगावं अशी ती गोष्ट नव्हती.

"इतका चकचकीत कधी पाहिला नव्हता त्यांनी!" मी मोठ्यानं म्हणाले.

हेही खरंच होतं. बाबा खूश झाले. वाटेत त्यांनी मला उसाच्या रसवाल्यापाशी थांबवलं आणि रसवाल्यालाही कापड थोडं उघडून सिंबल दाखवला.

शनिवारी हॉल भरलेला होता. कुणाच्या तरी निवृत्तीची मेजवानी होती. बाबा आणि आई अगदी मागे, वाढप्यांच्या ये-जा करण्याच्या दारापाशी उभे होते. त्यांना तेवढीच परवानगी मिळाली होती. माझ्या उजव्या हाताला मास्तरांचा तडा गेलेला सिंबल होता. त्याचा आवाज किंचित खरखरीत होता, पण लांबवर जायचा. डाव्या हाताला, उंच स्टँडवर, बाबांचा.

पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. सगळं जमून येत होतं. लंबूनं मागे वळून मला डोळा घातला. मी मात्र दाराकडे बघत होते. बाबांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. त्यांच्या जागेवरून विचार केला तर दिसत होतं ते असं: मी सगळं वाजवत होते, त्यांचा सिंबल सोडून. ते आईच्या कानाशी काहीतरी बोलले. आईनं काहीतरी उत्तर दिलं, ते त्यांना ऐकू गेलं नाही, त्यांनी पुन्हा विचारलं. आईनं नजर वळवली. बाबा स्टेजकडे बघत राहिले. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी यायला लागलं, जे मी आठवडाभर दूर ठेवलं होतं.

तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर मी डावा हात उचलला आणि बाबांच्या सिंबलला मारलं.

आवाज आखूडच आला. जेवणाऱ्यांपैकी कुणाचंही लक्ष गेलं नाही. पण सिंबल स्टँडवर हेलकावला आणि छतावरच्या दिव्यांचा उजेड त्याच्यावरून उसळून समोरच्या भिंतीवर पडला, हातरुमालाएवढा, लखलखीत. पाहुण्यांच्या डोक्यांवरून सरकत तो मागच्या दारापर्यंत गेला आणि परत आला. बाबांनी तो पाहिला. त्यांनी आईचा दंड धरला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. मग माझ्याकडे. त्यांचे दोन्ही हात वर गेले.

मास्तर ट्रंपेट ओठांवर तसाच ठेवून मागे वळले. त्यांचे डोळे मोठे झाले होते. गाण्यात ती जागा पुन्हा आली आणि मी पुन्हा मारलं. उजेड पुन्हा भिंतीवरून धावला. बाबा आता टाळ्या वाजवत होते, गाणं अजून चालू असताना, तालाशी काहीही संबंध न ठेवता, उजेड हलला की वाजवायचे आणि थांबला की थांबायचे.

मास्तर पुन्हा वळले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. उजेड थोडा डावीकडे पडत होता, दारापर्यंत नीट पोचत नव्हता. पुढच्या खेपेला मी सिंबलला जरा उजव्या अंगानं मारलं, आणि तो सरळ बाबांच्या शर्टावर गेला.